कबुलीनंतरचे अपील : घरफोडीच्या खटल्यांतील एक जुना पेच

घरफोडीचा अपराध भारतीय कायद्यात इंग्रजांमुळे आला असे नाही. मनुस्मृतीत रात्री भिंत फोडून चोरी करणाऱ्याचे हात तोडून त्याला सुळावर द्यावे असे सांगितले आहे, तर ‘मृच्छकटिक’ नाटकातील शर्विलक चारुदत्ताच्या घराला भगदाड पाडण्यापूर्वी कमळ, चंद्रकोर, स्वस्तिक अशा आकारांचा रीतसर विचार करून शेवटी पूर्णकुंभाचा आकार निवडतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेने कलम ४४५ मध्ये घरफोडीची व्याख्या केली, तेव्हा तिच्या पहिल्याच उदाहरणात भिंतीला भोक पाडून आत हात घालणारा माणूस आला. चोरीच्या हेतूने रात्री केलेल्या घरफोडीला कलम ४५७ ने चौदा वर्षांपर्यंतची कैद ठरवली.

अशा आरोपीने न्यायालयात दोषारोप वाचून दाखवताच ‘गुन्हा कबूल’ म्हटले, तर त्याला पुढे अपिलाचा कितपत हक्क उरतो, या प्रश्नाला इंग्लंडमध्ये पूर्वी फारसे महत्त्व नव्हते. घरफोडीला फाशी होती त्या काळात न्यायाधीश आरोपीला कबुली देण्यापासून परावृत्त करीत, कारण राजाच्या माफीसाठी लागणाऱ्या अनुकूल गोष्टी खटला चालला तरच उजेडात येत. एका निरपराध माणसाला ओळख चुकल्यामुळे दोनदा दोषी ठरवल्याचे अॅडॉल्फ बेक प्रकरणात उघड झाल्यावर १९०७ मध्ये तेथे फौजदारी अपील न्यायालय स्थापन झाले. त्या न्यायालयाने १९२३ मध्ये ठरवले की, आरोपीला आरोपाचे स्वरूपच कळले नसेल किंवा अपराध मान्य करण्याचा त्याचा हेतू नसेल, अथवा त्याने मान्य केलेल्या गोष्टींवरून कायद्याने तो अपराधच होत नसेल, तर कबुलीनंतरही अपील ऐकता येईल.

भारतात मात्र १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४१२ ने ही वाट आधीच बंद केली होती : सत्र न्यायालय, प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट वा प्रथम वर्ग मॅजिस्ट्रेट यांनी कबुलीवरून दोषी ठरवलेल्यास शिक्षेचे प्रमाण किंवा तिची वैधता एवढ्यापुरतेच अपील करता येई. ज्याने स्वतःच दोष मान्य केला त्याला दोषसिद्धीबद्दल तक्रार कसली, हा त्यामागचा विचार सरळ असला तरी वकिलाविना उभ्या असलेल्या, कायद्याची भाषा न कळणाऱ्या कैद्याच्या बाबतीत तो फार आशावादी होता. म्हणून वरिष्ठ न्यायालयांनी कलमाला हात न लावता आधीचा प्रश्न विचारला : ही कबुली स्पष्ट, बिनशर्त आणि समजून दिलेली होती का? नसल्यास ती कबुलीच नव्हे आणि कलमाचा अडसरही लागू होत नाही.

१९७३ च्या संहितेने हाच नियम थोड्या फरकाने कलम ३७५ मध्ये ठेवला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने, हलक्या शिक्षेच्या आश्वासनावर कबुली मिळवून अपिलात शिक्षा वाढवणे हे संविधानाच्या अनुच्छेद २१ चे उल्लंघन ठरवले. तरीही २००६ पासून सौदेबाजीची कबुली, म्हणजे शिक्षेबाबत तडजोड करून दिलेली कबुली, कायदेशीर झाली. सात वर्षांहून अधिक कैदेचे अपराध तिच्या कक्षेबाहेर असल्याने राहत्या घरातील साधी चोरी तिच्यात बसते, पण चोरीसाठी केलेली रात्रीची घरफोडी बसत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही, कलम ४१६ नुसार, कबुलीवरून दोषी ठरलेल्याला खालच्या न्यायालयांच्या निकालाविरुद्ध शिक्षेपुरतेच अपील करता येते.