जुन्या कॅम्परव्हॅनमधील पेट्रोलचा वास : उगम कसा शोधावा, टाकी कशी तपासावी

फोक्सवॅगनच्या ‘टाइप टू’ या प्रसिद्ध व्हॅनची तिसरी पिढी १९७९ मध्ये रस्त्यावर आली. जर्मनीत ती ‘टी ३’, ब्रिटनमध्ये ‘टी २५’ आणि अमेरिकेत ‘वॅनागन’ म्हणून ओळखली जाते. तिच्या आधीच्या दोन पिढ्या गोव्याला अनोळखी नाहीत. इराण-अफगाणिस्तानमार्गे रस्त्याने आलेल्या युरोपीय भटक्यांना घेऊन त्या हणजुणे-कळंगुटच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचल्या होत्या. आज या तिसऱ्या पिढीच्या गाड्याही चाळिशीच्या आसपास आहेत आणि त्यांच्या मालकांच्या तोंडी एक वाक्य हमखास असते : जुनी गाडी म्हटल्यावर पेट्रोलचा थोडा वास यायचाच. हा समज घातक आहे. टाकी, नळ्या आणि झाकण धड असतील तर जुन्या गाडीतही वास येत नाही. येत असेल, तर कोठून तरी पेट्रोल किंवा त्याची वाफ बाहेर पडत आहे.

उणे चाळीस अंश सेल्सिअसच्या थंडीतही पेट्रोलची पेट घेण्याजोगी वाफ तयार होते. हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास गेले तरी ठिणगी पुरते. ही वाफ हवेहून जड असल्याने वर विरून न जाता जमिनीलगत, खोलगट जागी साचते. साध्या मोटारीत एवढेच भय. कॅम्परव्हॅनमध्ये मात्र गॅसची शेगडी असते, अनेकदा गॅसच्या ज्योतीवर चालणारा शीतकपाट असतो आणि माणसे आत झोपतात. म्हणून वास आला की प्रथम शेगडी व शीतकपाट बंद करावा, दारे उघडावीत आणि कारण सापडेपर्यंत गाडीत झोपू नये.

शोधाचे काम या गाडीच्या रचनेमुळे सोपे होते. इंजिन मागे आणि सुमारे साठ लिटरची टाकी पुढे, चालकाच्या कक्षाखाली. वास पुढे येतो की मागे, यावरूनच अर्धा उलगडा होतो. उरलेला अर्धा वास केव्हा येतो, यावर अवलंबून असतो.

इंजिन चालू असतानाच मागून वास येत असेल तर संशय पंप, कार्ब्युरेटर आणि त्यांना जोडणाऱ्या नळ्यांवर घ्यावा. इंजेक्शन असलेल्या इंजिनात या नळ्यांतील दाब सुमारे अडीच बार असतो. बारीक चीर पडली तरी तापलेल्या इंजिनावर तुषार उडतात. सुताचे वेष्टण असलेली जुनी नळी बाहेरून ठणठणीत दिसते आणि आतले रबर तडकलेले असते. ती वाकवून पाहावी. शंका असल्यास बदलावी. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुने रबर लवकर खराब होते. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून सर्वसाधारण पेट्रोलात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आपल्याकडे तर वीस टक्के. तेव्हा नवी नळी इथेनॉल सोसणारीच घ्यावी.

गाडी नुसती उभी असताना, टाकीत पेट्रोल कमी असूनही वास येत असेल, तर गळती टाकीच्या खालच्या भागात किंवा तेथून निघणाऱ्या नळीत असण्याचा संभव अधिक. स्वच्छ पांढरा कागद रात्रभर खाली पसरून ठेवला की ठिपका कोठे पडतो ते कळते. पेट्रोल लवकर उडून जाते, पण मागे पिवळट-तपकिरी डाग ठेवते.

सर्वाधिक चकवणारा प्रकार तिसरा : टाकी काठोकाठ भरल्यावरच वास येतो, पाव टाकी रिकामी झाली की आपोआप नाहीसा होतो. मालक निश्चिंत होतो आणि पुढच्या वेळी पुन्हा टाकी भरतो. येथे दोष टाकीच्या माथ्यावर असतो. पेट्रोल दर अंशामागे हजारांश भागाने फुगते. साठ लिटर पेट्रोल पंधरा अंशांनी तापले तर जवळजवळ एक लिटरची भर पडते. ही वाढ सामावण्यासाठी पुढच्या चाकांच्या वरच्या बाजूस दोन छोटे डबे आहेत आणि त्यांना जोडणाऱ्या हवेच्या नळ्या टाकीच्या पाठीवरून जातात. त्यांच्या मुळाशी असलेली रबरी बूच कालांतराने कडक होऊन भेगाळतात. भरण्याच्या नळकांड्याची रबरी गोट आणि झाकणाचा वायसरही तसाच. भरीस भर म्हणजे चाकांनी उडवलेला चिखल टाकीच्या पाठीवर साचतो, ओल धरतो आणि पत्रा वरून गंजतो. खालून पाहणाऱ्याला टाकी निर्दोष दिसते.

हा माथा नीट पाहायचा तर टाकी उतरवावीच लागते. भरलेल्या टाकीत चव्वेचाळीस किलोंच्या आसपास पेट्रोल असते, म्हणून ती आधी रिकामी करावी. तेही उघड्यावर, बॅटरी सोडवून, मान्यताप्राप्त कॅनमध्ये. गॅरेजमधील खड्ड्यावर हे काम कदापि करू नये, कारण वाफ नेमकी तेथेच उतरते. मग खालून जॅकचा आधार देऊन पट्टे सोडवावेत, टाकी थोडी खाली घ्यावी, नळ्यांवर खुणेच्या चिठ्ठ्या लावाव्यात आणि मगच त्या काढाव्यात. माती ब्रशने झाडून गंजलेली जागा बोटाने दाबून पाहावी. पत्रा दबला किंवा छिद्रे दिसली तर नवी टाकी घेणेच शहाणपणाचे. आतल्या बाजूची कल्पना फिल्टरवरून येते. त्यात तपकिरी कण असतील तर टाकी आतूनही गंजते आहे.

रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून अधिक धोकादायक असते. आत द्रव नसला तरी वाफ आणि हवेचे मिश्रण असते. ओळखीच्या वेल्डरने ‘पाण्याने धुऊन देतो डाग मारून’ म्हटले, तरी ऐकू नये.

परत बसवताना बूच, वायसर आणि सर्व नळ्या नव्याच घालाव्यात. टाकी पुन्हा उतरवण्याच्या कष्टापुढे त्यांची किंमत किरकोळ आहे. प्रथम दहा लिटर पेट्रोल भरून तळ व जोड पाहावेत, इंजिन सुरू करून मागच्या नळ्या पाहाव्यात. नंतरच टाकी पूर्ण भरावी, गाडी तासभर उन्हात उभी करावी, एखाद्या वळणदार रस्त्यावरून फिरवून आणावी आणि पुढच्या दाराशी वाकून पुन्हा एकदा वास घ्यावा.