वरचा थर आणि आतला कापूस

खामगावच्या बाजारात कापसाची गाडी उभी राहिली, की जाणता व्यापारी वरच्या थराकडे फार वेळ पाहत नाही. तो हात कोपरापर्यंत आत घालतो आणि मूठभर कापूस बाहेर काढतो. ओल लागते का, कवडी किती निघते, धागा ओढला तर किती लांब येतो, हे पाहतो आणि मगच भाव बोलतो. गाडीवाला शेतकरी त्याचा राग मानत नाही. पुढे वजनकाट्याकडे तोही तितक्याच बारकाईने पाहणार असतो. ही तपासणी थांबली, तर चांगल्या कापसाला चांगला भाव मिळण्याचे कारणच उरणार नाही, हे दोघांनाही ठाऊक असते. चालू राजकारण, तंत्रज्ञान आणि संस्कृती यांच्याकडे संशयी नजरेने पाहणारे लेखन मला या व्यवहाराच्या फार जवळचे वाटते. त्या लेखनाच्या उंबरठ्यावर तुमचे स्वागत करताना ते कशासाठी वाचावे आणि कसे वाचावे, एवढेच सांगायचे आहे.

संशय या शब्दाला आपल्याकडे चांगले दिवस नाहीत. संशयाने माणसाचा नाश होतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण न्यायदर्शनाने ज्ञानासाठी जे सोळा पदार्थ सांगितले, त्यांत संशयाचा क्रमांक तिसरा आहे आणि निर्णयाचा नववा. म्हणजे निर्णयापर्यंत जायचे असेल तर वाट संशयाच्या दारावरूनच जाते. हे दार टाळून थेट निर्णयाच्या घरात उतरण्याची सवय आज फार वाढली आहे, म्हणून हा विषय महत्त्वाचा.

दूरच्या बातमीवर घरचा व्यवहार ठरवण्याची वेळ खामगावकरांवर आज प्रथम आलेली नाही. जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला, तो इथल्या कापसासाठी. सुएझ कालवा आदल्याच वर्षी खुला झाला होता आणि लिव्हरपूलचे भाव तारेने वऱ्हाडात पोहोचू लागले होते. समुद्रापलीकडच्या एका आकड्यावर इथल्या घरातले लग्न, कर्ज आणि बियाणे अवलंबून राहू लागले. तो आकडा कोणी पाठवला, तो कधीचा आहे आणि तो खरा मानल्याने लाभ कोणाचा होतो, हे तीन प्रश्न तेव्हाच जन्मले. आता तार गेली आणि हातात मोबाइल आला. दिवसभरात शेकडो आकडे, चित्रफिती आणि भाकिते येतात. त्यांना विचारायचे प्रश्न मात्र तेच आहेत.

वाचकांनी एक गोष्ट अभिमानाने लक्षात ठेवावी. ही नजर वऱ्हाडात बाहेरून आणावी लागलेली नाही. १८८८ मध्ये 'सुधारक' सुरू करणारे गोपाळ गणेश आगरकर अकोल्याच्या शाळेत शिकले. गाडगेबाबांचा जन्म १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा. त्यांच्या कीर्तनात उपदेशापेक्षा प्रश्न अधिक असत आणि उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून वदवून घेतले जाई. अक्षर न शिकलेल्या माणसालाही स्वतःच्या बोलण्यातून स्वतःची चूक कळावी, अशी ती रीत होती. आणि श्रीपाद कृष्ण कोल्हटकर तर आपल्याच भागातले. १८९७ मध्ये वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर अकोला, खामगाव आणि जळगाव जामोद ही त्यांच्या वकिलीची गावे. 'सुदाम्याचे पोहे' या लेखांतून त्यांनी सण, व्रते आणि पोकळ रूढी यांची जी तपासणी केली, तिने मराठी विनोदी निबंधाचा पाया घातला. याच कोल्हटकरांनी १९१३ मध्ये 'भारतीय ज्योतिर्गणित' हा ग्रंथ लिहिला, हे फार थोड्यांच्या लक्षात असते. सणांवर लिहिणाऱ्या या माणसाने पंचांगामागचे गणितही मन लावून अभ्यासले होते. ज्या गोष्टीवर संशय घ्यायचा ती आधी नीट शिकून घ्यायची, हा त्यांचा धडा या सबंध क्षेत्राचा पहिला नियम मानावा.

कोल्हटकरांच्या त्या लेखसंग्रहाला 'अठरा धान्यांचे कडबोळे' असेही नाव होते. ते वाचताना मला त्याच जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळची घटमांडणी आठवते. पूर्णेच्या खोऱ्यातील या गावात अक्षय्य तृतीयेला शेतात घट आखतात आणि त्यात अठरा प्रकारची धान्ये मांडतात. मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याने भरलेली घागर, पुरी, पापड, कुरडई, करंजी आणि राजाचे प्रतीक म्हणून विड्याचे पान. दुसऱ्या दिवशी पहाटे दाण्यांची आणि ढेकळांची स्थिती पाहून वाघ घराण्यातील महाराज पाऊस, पीक आणि राजगादी यांचे भाकीत सांगतात. परंपरा सुमारे साडेतीनशे वर्षांची सांगितली जाते. आजही दूरदूरचे शेतकरी त्या पहाटे तिथे थांबतात आणि दुपारपर्यंत भाकीत राज्यभर पोहोचलेले असते.

इथे नवख्या वाचकाची पहिली कसोटी लागते. हसून मोकळे होणे सोपे आहे आणि हात जोडून मोकळे होणेही सोपे आहे. तुम्ही दोन्ही टाळावे. आधी हे पाहावे, की लोक तिथे का जातात. पेरणीपूर्वी हाताशी पैसा थोडा, कर्ज मोठे आणि आभाळ अनिश्चित. अशा वेळी शेजारच्या शंभर शेतकऱ्यांसोबत वर्षाची चिंता वाटून घेण्याची ती जागा आहे. हे समजून घेतल्यावर भाकिताकडे वळावे. ते ऐकले त्याच दिवशी तारखेसह वहीत लिहून ठेवावे. 'पाऊस कमी-जास्त राहील' अशा वाक्याला बाजूला काढावे, कारण ते कोणत्याही वर्षी खरे ठरते. उरलेल्या ठोस वाक्यांची दिवाळीनंतर मोजदाद करावी. आणि 'यंदा पाऊस सरासरीइतका' एवढेच दरवर्षी म्हणणाऱ्या माणसाची भाकिते किती खरी ठरली असती, हेही शेजारी लिहावे. घटाचे भाकीत त्याच्या पुढे जाते का, हा खरा प्रश्न आहे.

हीच वही हवामान खात्यालाही लावावी. खात्याचा पहिला दीर्घकालीन अंदाजही एप्रिलमध्येच येतो. २००९ मध्ये त्याने देशात सरासरीच्या ९६ टक्के पाऊस सांगितला, जूनमध्ये तो ९३ टक्क्यांवर आणला आणि प्रत्यक्षात पडला ७८ टक्के. मोठीच चूक होती. फरक असा, की खाते आकडा सांगते, सोबत चुकीची मर्यादा सांगते आणि हंगाम संपल्यावर दोन्ही आकडे लोकांपुढे ठेवते. त्यामुळे चूक पकडता येते, आणि जी पकडता येते तीच सुधारता येते. विज्ञानाचा अधिकार याच गुणात आहे. तो खात्याच्या नावात शोधू नये.

तंत्रज्ञानाबद्दल लिहिताना ही समतोल नजर आणखी लागते. बोंडअळीला मारणारे जनुक घातलेल्या बीटी कापसाला आपल्या देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि दोन जनुकांचे वाण २००६ मध्ये आले. कोणी त्याला तारणहार म्हटले, कोणी विष. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील पिकाची दैना केली, तेव्हा दोन्ही बाजूंचे मोठे शब्द अपुरे पडले. कारणे लहान लहान आणि एकमेकांत गुंतलेली होती. ४५० ग्रॅम बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची पुडी येई. ती शेताच्या कडेने पेरली, तर अळीला बीटीविना अन्न मिळते आणि तिची प्रतिकारशक्ती वाढण्याचा वेग मंदावतो. बहुतेकांनी ती पेरली नाही. थोड्या शेतात आधीच तोटा सोसणाऱ्याने चार ओळी अळीसाठी का सोडाव्यात, याचे उत्तर त्याला समजेल अशा भाषेत फारसे कोणी दिले नव्हते. शिवाय पाणी असलेल्यांनी फरदड घेतली, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक शेतात राखले, आणि अळीला उन्हाळ्यापर्यंत आसरा मिळाला. तंत्रज्ञानावरचे चांगले भाष्य वाचताना तुम्ही अशी पुडी शोधावी. जाहिरात आणि घोषणा यांच्या मध्ये ती कुठे तरी न फोडलेली पडलेली असते.

राजकारणातले आपले सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे पैसेवारी. पीक किती आले, याचा गावनिहाय अंदाज पैशांत मांडतात आणि पन्नास पैशांच्या खाली गाव गेले, की टंचाईच्या सवलतींची वाट मोकळी होते. नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम अशा तीन पायऱ्यांनी हा आकडा पक्का होतो. एका पैशाच्या फरकाने शेतसारा, कर्जवसुली आणि मुलांची परीक्षा-फी यांचा हिशेब बदलत असेल, तर आकड्यावर भांडण होणारच. संशयी भाष्यकाराचे काम त्या भांडणात ओरडण्याचे नाही. पीककापणीचा प्रयोग कोणत्या शेतात झाला, ते शेत कोणी निवडले, नदीकाठचे होते की बरडावरचे, हे तो विचारतो. सत्तेवर कोणताही पक्ष असो, प्रश्न बदलत नाही. तुम्ही एखाद्या भाष्यकाराची पारख करताना याच खुणेवर विसंबावे. सरकार बदलल्यावर ज्याचे प्रश्नही बदलतात, त्याच्या लेखनाचा फक्त वरचा थर पांढरा असतो.

संस्कृती, तंत्रज्ञान आणि राजकारण हे तिन्ही धागे एकत्र आलेले मी अलीकडे आपल्याच शेजारी पाहिले. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस तीन-चार दिवसांत मुठीमुठीने गळू लागले. 'टक्कल व्हायरस' हे नाव कोणत्याही तपासणीआधी मोबाइलवरून फिरले आणि त्या गावांकडे लोक बिचकून पाहू लागले. कोणी शाम्पूला दोष दिला, कोणी पाण्याला. पाण्यावरचा संशय निराधार नव्हता. हा खारपाणपट्टा आहे आणि नमुन्यांत नायट्रेटही जास्त आढळले. पण खारे पाणी पिढ्यान्‌पिढ्यांचे, मग केस याच हिवाळ्यात का गळावेत, हा प्रश्न उरतच होता.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक आले. महाडला विंचूदंशावर आयुष्यभर संशोधन केलेले डॉ. हिंमतराव बावसकर हेही स्वतः या गावांत आले. त्यांनी रुग्णांचे नमुने घेतले आणि सोबत रेशनचा गहूही तपासायला पाठवला. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला, की रुग्णांच्या शरीरात सेलेनियम कित्येक पटींनी वाढलेले आहे आणि गव्हात ते किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम आहे. मर्यादा त्यांनी १.९ ची सांगितली. धुतलेल्या गव्हातही ते १३.६१ भरले. या दुसऱ्या आकड्याकडे वाचकांनी क्षणभर थांबून पाहावे. धुऊनही फारसे कमी झाले नाही, म्हणजे ते दाण्यावर बसलेले नव्हते, दाण्यातच होते. मग बोट पंजाबकडून आलेल्या त्या गव्हाच्या मातीकडे जाते आणि तिथे शिवालिकच्या पायथ्याला सेलेनियमयुक्त जमिनी आहेत, हे जुने ज्ञान अचानक बोंडगावच्या चुलीपर्यंत येते. हा निष्कर्षही आणखी प्रयोगशाळांत तपासला जावा, असे म्हणण्यात बावसकरांचा अनादर नाही. पोत्यात हात घालून त्यांनीच ती वाट दाखवली.

आता वाचनाविषयी दोन शब्द. आरंभ जवळून करावा. लोकहितवादींची शतपत्रे, जोतीराव फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड', आगरकरांचे निबंध आणि कोल्हटकरांचे लेख ही घरची शिदोरी आहे. नरेंद्र दाभोलकरांचे लेखनही वाचावे. २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. प्रश्न विचारण्याची किंमत किती असू शकते, हे त्यांच्या पुस्तकांसोबत लक्षात राहते. मग आजच्या लेखनाकडे यावे. वाचताना दर वेळी विचारावे, की लेखकाने हात किती खोल घातला आहे, आणि तोच हात तो स्वतःच्या आवडत्या मतांच्या गाडीतही घालतो का.

एका आजारापासून जपावे. सगळेच खोटे, सगळेच विकले गेलेले, असे म्हणणारा माणूस संशयी दिसतो, पण त्याने कोणत्याही गाडीत हात घातलेला नसतो. सगळ्याच गाड्या परत पाठवल्या, तर त्या दिवशी बाजारच भरणार नाही. चिकित्सेचा शेवट स्वीकारात व्हायला हवा: हा कापूस चांगला आहे, याचा भाव हा, असे कधी तरी ठामपणे म्हणता आले पाहिजे.

पुढच्या अक्षय्य तृतीयेला जमले तर भेंडवळला जाऊन या. तिथल्या माणसांशी आपुलकीने बोला, पहाटे जे ऐकाल ते वहीत लिहा, त्याच पानावर हवामान खात्याचा आकडा लिहा आणि तिसऱ्या रकान्यात स्वतःचा अंदाज मांडा. कापूस वेचून झाला, की ते पान उघडा. तीनही रकाने सारख्याच मायेने आणि सारख्याच कठोरपणे तपासलेत, तर या क्षेत्रातले पहिले भाष्य तुम्ही स्वतःच लिहिलेले असेल.

— खामगाव