टर्बोचार्ज केलेल्या सुधारित मोटारीसाठी इंजिन व्यवस्थापन प्रणालीची निवड

इंजिन व्यवस्थापन प्रणाली म्हणजे मोटारीच्या इंजिनास किती इंधन द्यावे आणि ठिणगी कोणत्या क्षणी पाडावी, हे ठरविणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा होय. तिच्या केंद्रस्थानी असलेल्या संगणकास इंजिन नियंत्रण एकक किंवा इसीयू म्हणतात. इंधन व प्रज्वलन या दोहोंचे एकत्रित नियंत्रण करणारी बॉश कंपनीची मोट्रॉनिक प्रणाली 1979 साली बीएमडब्ल्यू 732आय या मोटारीत आली. कारखान्यातील इसीयू त्या मोटारीच्या मूळ रचनेपुरताच जुळविलेला असतो. त्यामुळे मोटारीस टर्बोचार्जर जोडल्यास, किंवा असलेल्या टर्बोचा दाब वाढविल्यास, नियंत्रणाची नवी व्यवस्था निवडावी लागते.

आवश्यकता

टर्बोचार्जर हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतो. वातावरणापेक्षा 1 बार अधिक दाब असेल आणि हवेचे तापमान कायम राहिले, तर सिलिंडरमध्ये जवळजवळ दुप्पट हवा जाते व त्याच प्रमाणात इंधन लागते. इंधन कमी पडल्यास, किंवा ठिणगी फार लवकर पडल्यास, मिश्रणाचा उरलेला भाग ज्योत पोहोचण्यापूर्वीच आपोआप पेटतो. यास नॉकिंग म्हणतात. मोठ्या दाबाखालील नॉकिंगमुळे दट्ट्याच्या कडांची मोडतोड होण्यास काही सेकंदही पुरतात. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी हवा-इंधन गुणोत्तर 14.7:1 असले, तरी दाबाखाली ते साधारणपणे 11.5 ते 12.5 इतके समृद्ध ठेवतात, ते याच कारणासाठी. अधिकच्या इंधनाच्या बाष्पीभवनाने ज्वलनकक्ष थंड राहतो.

पिगीबॅक आणि त्याची मर्यादा

सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे पिगीबॅक. मूळ इसीयू तसाच ठेवून संवेदकाकडून येणारा संकेत वाटेत बदलणारे हे छोटे उपकरण असते. वस्तुतः ते इसीयूला खोटी माहिती पुरविते, आणि अडचणही तेथेच उद्भवते.

1989 साली आलेल्या माझदा एमएक्स-5 या मोटारीचे उदाहरण बोलके आहे. तिच्या 1.6 लिटर इंजिनात हवा मोजण्यासाठी झडपेचा प्रवाहमापक आहे. टर्बो जोडल्यावर हवा इतकी वाढते की झडप पूर्ण उघडते आणि त्यापुढील वाढ मोजली जात नाही. मोठे इंजेक्टर बसवून पिगीबॅकने प्रवाहमापकाचा संकेत कमी केला, तर इंधनाचा हिशेब कसाबसा जुळतो. परंतु इसीयू त्याच संकेतावरून प्रज्वलनाची वेळही ठरवितो. संकेत कमी दिसल्याने इंजिनावर भार हलका आहे असे समजून तो ठिणगी अधिक लवकर पाडतो. प्रत्यक्षात दाबाखाली ती उशिरा पडावयास हवी असते. म्हणून केवळ इंधन बदलणारे पिगीबॅक अल्प दाबाच्या पलीकडे वापरणे धोक्याचे ठरते. प्रज्वलनही स्वतंत्रपणे मागे घेणारी उपकरणे त्याहून बरी.

मूळ इसीयूचे पुनर्लेखन

कारखान्यातूनच टर्बो असलेल्या मोटारींसाठी बहुधा हाच मार्ग योग्य ठरतो. इसीयूच्या स्मृतीतील तक्ते नव्याने लिहिले जातात. थंड हवेत सुरू होणे, वातानुकूलन, दोषसंकेत आणि नॉक संवेदक यांची कारखान्याने केलेली जुळणी मात्र शाबूत राहते. हे काम घरी जुळवून पाहू म्हणणाऱ्यास सहसा साधत नाही. सुबारू इम्प्रेझा आणि मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन यांच्यासाठी रोमरेडर व इसीयूफ्लॅश यांसारखी साधने उपलब्ध आहेत. पुनर्लेखन शक्य आहे की नाही, हे मात्र त्या-त्या इसीयूवर अवलंबून असते.

स्वतंत्र इसीयू

मूळ एकक काढून त्याजागी पूर्णतः प्रोग्राम करता येणारे एकक बसविण्यास स्टँडअलोन पद्धत म्हणतात. ऑस्ट्रेलियातील मोटेक व हॉलटेक आणि न्यूझीलंडमधील लिंक ही यातील परिचित नावे होत. ब्रूस बोलिंग व अल ग्रिपो यांनी 2001च्या सुमारास विकसित केलेला मेगास्क्वर्ट हौशी लोकांना स्वतः जोडता येत असे. अशा एककांत प्रवाहमापकाऐवजी बहुधा दाबसंवेदक वापरतात. 3 बारचा संवेदक निरपेक्ष दाब मोजतो, म्हणजे टर्बोचा दाब सुमारे 2 बारपर्यंत कळतो.

निवड करताना किमतीत केवळ एककाचा विचार करणे ही नेहमीची चूक आहे. वायरिंग, रुंदपट्टा ऑक्सिजन संवेदक आणि डायनोवरील जुळणी यांचा खर्च अनेकदा एककाइतकाच होतो. इंजेक्टरही आधी ठरवावे लागतात. 300 अश्वशक्तीच्या चार सिलिंडरी टर्बो इंजिनास प्रति अश्वशक्ती ताशी सुमारे 0.25 किलो पेट्रोल धरल्यास आणि इंजेक्टर 85 टक्क्यांपेक्षा अधिक काळ उघडा न ठेवल्यास, प्रत्येकी मिनिटाला सुमारे 500 घन सेंटिमीटर क्षमतेचा इंजेक्टर लागतो. उत्तम एककही याहून लहान इंजेक्टरमधून जास्त इंधन काढू शकत नाही. जुळणी करणाऱ्यास जी प्रणाली अवगत आहे तीच घेणे बहुधा शहाणपणाचे असते.

इंधन आणि कायदा

भारतात इथेनॉलमिश्रित पेट्रोल मिळते. 20 टक्के इथेनॉल असल्यास पूर्ण ज्वलनाचे गुणोत्तर सुमारे 13.5:1 होते, म्हणून शुद्ध पेट्रोलवर जुळविलेले तक्ते अशा इंधनावर मिश्रण विरळ करतात. मोटार वाहन अधिनियम, 1988च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. अमेरिकेतही प्रदूषणनियंत्रक यंत्रणा निष्क्रिय करणे बेकायदेशीर आहे. त्यामुळे अशा अनेक मोटारी केवळ शर्यतींच्या बंदिस्त मार्गावर चालविल्या जातात.