हजेरीपटावरचं नाव

भोपाळला आल्याची गोष्ट आबा फार रंगवून सांगत. "आम्ही नोकरी शोधत आलो नाही, नोकरीच आम्हाला उचलून घेऊन आली." १ नोव्हेंबर १९५६ला नवा मध्य प्रदेश झाला, नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि तिथल्या सचिवालयातल्या फायली, कपाटं आणि कारकून भोपाळला रवाना झाले. राजधानी झाली तरी शहरात इमारती कुठे होत्या? मिंटो हॉलमध्ये विधानसभा भरवली. आबांच्या वाट्याला तात्या टोपे नगरातलं क्वार्टर आलं. आजीला मात्र हे गाव बरेच दिवस पटलं नाही. "कुठं आणून टाकलं बाप्पा!" म्हणत तिने पहिला हिवाळा काढला.

आपण सगळं मेहनतीने मिळवलं, असं आबा म्हणत. मेहनत केलीच होती. पण ते झोपले की आजी उरलेली गोष्ट सांगायची. आबांचे एक मावसकाका आधीपासून नागपूरच्या महसूल खात्यात होते. जागा निघणार हे जाहिरातीआधीच घरात कळलं. अर्ज काकांनी लिहून दिला, साहेबासमोर किती बोलायचं तेही शिकवलं. मुलाखतीसाठी कोट शेजाऱ्यांकडून आणला. आबांच्या गोष्टीत कोट असायचा, काका नसायचे.

त्याच नागपुरात, कारकुनांची बांधाबांध चालू असताना, १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी लाखोंच्या साक्षीने बौद्ध धम्म स्वीकारला. आबांच्या आठवणीत त्या दिवसाची फक्त गर्दी होती. मला तो दिवस नीट सांगितला तो भेलमधल्या एका मामांनी. ते आईच्या भजनी मंडळातल्या एका बाईंचे भाऊ, म्हणून आम्हा सगळ्यांचेच मामा. त्यांचे वडील मुंबईच्या गिरणीत सूत कातण्याच्या खात्यात होते. विणकाम खात्यात पगार जास्त, पण ते दार बंद. धागा तुटला की धोट्यातून तो तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि महाराच्या ओठाला लागलेला धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही, हे सवर्ण विणकऱ्यांचं म्हणणं. खांद्याला खांदा लावून संप करणारी माणसंही या एका बाबतीत मागे हटत नसत. १९२८-२९च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. वडिलांनी हे सांगताना आवाज कधी चढवला नाही, असं मामा म्हणायचे. मला त्याचंच जास्त वाटतं.

मामा स्वतः आयटीआय करून भोपाळला आले. हेवी इलेक्ट्रिकल्सची, म्हणजे पुढच्या भेलची, स्थापना १९५६ची, नेहरूंच्या हस्ते उद्घाटन ६ नोव्हेंबर १९६०ला. तंत्रज्ञान विलायती कंपनीचं, कारखाना सरकारी. सरकारी म्हणजे राखीव जागा, रोजगार कार्यालयातलं कार्ड, यादीत नंबर. आतल्या काकांची गरज नाही. पिपलानीतल्या क्वार्टरमध्ये मामांनी तीन मुलांना शिकवलं. "लेथवर हात बसला की खात्यात कोणी काही काढत नसे," ते सांगत. "घर मिळालं की मात्र शेजारीण आधी आडनाव विचारायची, मग साखर मागायची की नाही ते ठरवायची."

जुन्या भोपाळात तर यादीच नव्हती. काझी कॅम्प, छोला, जयप्रकाश नगर या वस्त्यांतले पुरुष हमाली करत, हातगाड्या ओढत. बायका घरात बिड्या वळत नाहीतर जरीकाम करत. तेंदूपत्ता आणि जर्दा सट्टेदार देई, हिशोब हजारी. नेऊन दिलेल्या बिड्यांतल्या काही तो 'छाट' म्हणून बाजूला काढी, त्यांचे पैसे नाहीत. परक्या पुरुषांसमोर जायचं नाही, म्हणून माल पोचवायला दीर किंवा मुलगा जाई आणि पैसेही त्याच्याच हातात पडत. दिवसभर वळलेल्या बिड्यांचं मोल त्या बाईच्या कानावरच काय ते पडे. १९६९मध्ये युनियन कार्बाइडचा कारखाना तिथे उभा राहिला. पक्क्या नोकऱ्यांना डिप्लोमा लागे. भिंतीला लागून राहणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे तो कुठून असणार!

२ डिसेंबर १९८४च्या रात्री कार्बाइडमधून विषारी गॅस सुटला तेव्हा वारा आमच्या बाजूला नव्हता. तो जुन्या शहरावरून गेला. जी माणसं पाठीच्या आणि छातीच्या जोरावर जगत होती, त्यांचीच छाती निकामी झाली. हमालाला चार पायऱ्यांवर धाप लागली तर त्याला मजुरी कोण देईल? बायका उंबऱ्याबाहेर पडल्या त्या या कारणाने. पुढच्या काळात कोणी त्याला जागृती वगैरे म्हटलं, पण आधी घरात पीठ संपलं होतं.

माझी आत्या शिवणकामाची शिक्षिका. गॅसपीडित बायकांसाठी निघालेल्या एका केंद्रात ती शिकवायला जाई. तिथली एक वयस्क बाई, सगळ्यांची खाला, पहिले काही दिवस भिंतीकडे तोंड करून शिवत असे, हे आत्याने किती वेळा सांगितलं असेल. कामाचे पैसे नगावर, तेही काम आलं तर. केंद्र कधी बंद होईल याचा नेम नसे.

अशाच एका स्टेशनरीच्या कारखान्यात १९८६मध्ये रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला भेटल्या. एक पडद्यात वाढलेली, लिहितावाचता न येणारी. दुसरी हिंदू घरातली. दोघींनी मिळून कामगार बायकांची युनियन बांधली आणि १९८९मध्ये पगारासाठी त्या बायका भोपाळहून दिल्लीपर्यंत, साडेसातशे किलोमीटर, पायी चालत गेल्या. कडेवर पोरं होती. दोघींना २००४मध्ये गोल्डमन पुरस्कार मिळाला. त्या पैशांतून त्यांनी गॅसपीडितांच्या अपंग मुलांसाठी 'चिंगारी' सुरू केलं. इकडे अब्दुल जब्बार यांची महिला उद्योग संघटना शाहजहानी पार्कात बैठका घेई. तिची घोषणा होती, 'खैरात नहीं, रोजगार चाहिए'. भरपाईच्या रकमांपेक्षा या घोषणेत मला जास्त हिशोब दिसतो. पंचवीस हजार एकदा येतात, औषधात जातात.

एका कार्यक्रमाहून परतताना मी आत्याला विचारलं, एवढं चालत जाण्याइतकं त्यांना काय हवं होतं? पगार तर फारसा नव्हताच.

"हजेरीपटावर नाव," आत्या म्हणाली. "म्हणजे उद्याही बोलावतील. खाला रोज सुटायच्या वेळी मला विचारायची, कल आऊं? मला कधी कोणाला विचारावं लागलं नाही. माझं नाव पहिल्याच दिवशी लिहिलं होतं. आबांनी कोणाला तरी सांगून ठेवलं होतं ना."