देयधम : कार्ल्याच्या एका दानलेखावर भाष्य

कार्ल्याच्या बौद्ध लेण्यांतला हा लेख सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या काळातला, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी. साधी माणसं पुण्य कसं जोडत होती, हे मला या एवढ्याशा मजकुरात ग्रंथांपेक्षाही जवळून दिसतं.

सवछरे चतुविसे २४ हेमंतान पखे ततिये ३ दिवसे बितिये २

राज्यवर्ष २४, हेमंताचा तिसरा पंधरवडा, दुसरा दिवस. महिन्याचं नाव नाही; वर्षाचे तीन ऋतू आणि प्रत्येक ऋतूचे आठ पक्ष, असा तेव्हाचा हिशोब. आकडा अक्षरी आणि अंकी दोन्ही लिहिलाय, आपण पावतीवर लिहितो तसा. पावसाळा सरून महिना उलटलेला आहे.

उपासकस हरफरणस सेतफरणपुतस

सेतफरणाचा मुलगा हरफरण. नावाचं वळण इराणी आहे. हा अबुलामा गावचा रहिवासी, असं लेख पुढे सांगतो. राजपद नाही, हुद्दा नाही. नावाआधी आहे ती एकच ओळख : उपासक. परमुलखातल्या वळणाचं नाव घेऊन आलेल्या माणसाला सह्याद्रीत तेवढी ओळख पुरली, हे मला फार मोलाचं वाटतं.

इम देयधम मडपो नवगभ

नऊ खोल्यांचा मंडप. ‘गभ’ म्हणजे गर्भ. आपला ‘गाभा’ आणि ‘गाभारा’ त्याच घरातले. पण खरा शब्द आहे ‘देयधम’ : धर्म म्हणून दिलेलं दान. ‘पुण्य’ हा शब्द या ओळीत नाही, आणि पश्चिम भारतातल्या लेण्यांत दानाला पुन्हा पुन्हा हेच नाव मिळतं. पाण्याचं टाकं असो, खांब असो, दारचौकट असो, सगळं देयधम. कार्ल्यातच एका गंधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यं विकणाऱ्याने, चैत्याच्या दाराचं काम दिलं. ज्याला जेवढं झेपलं, तेवढा डोंगर त्याने कोरवला.

खोलीच का? भिक्षापात्रात वाढलेला घास त्या दिवसापुरता. खोलीत मात्र रोज कुणीतरी पाठ टेकतं, ध्यानाला बसतं. बागा लावणारे, पूल बांधणारे, पाणपोई आणि निवारा देणारे यांचं पुण्य रात्रंदिवस वाढत राहतं, असा विचार संयुत्तनिकायातल्या वनरोप सुत्तात आहे. दात्याने हात काढून घेतल्यावरही दान चालू राहतं. आजही एखाद्या विहारात पंख्याच्या पात्यावर आईवडिलांच्या स्मरणार्थ म्हणून रंगवलेली नावं दिसतात. त्या रंगामागचा भाव हाच आहे असं मी मानतो.

महासघियान परिगहो सघे चातुदिसे दिन

ताबा महासांघिकांचा, दान मात्र चारी दिशांच्या संघाला. उत्तरेकडून आलेला अनोळखी भिक्खूही इथे पाहुणा ठरत नाही, जागा त्याचीच. व्यवस्था एका पंथाकडे सोपवूनही दान त्या पंथापुरतं बांधलं नाही. दात्याची ही समज फार मोठी.

मातापितुनं पुजा

आईवडिलांच्या सन्मानार्थ.

सवसतानं हितसुघस्थतय

सर्व जीवांच्या हितासाठी आणि सुखासाठी. ‘सुघ’ म्हणजे ‘सुख’. कार्ल्याच्या लेखांत ‘मुख’चंही ‘मुघ’ झालेलं दिसतं. कदाचित बोलीतला उच्चारच दगडात उतरला असावा. दात्याने स्वतःसाठी काही मागितलेलं नाही. आधी आईवडील, मग एकदम अवघी जीवसृष्टी. पुण्य वाटल्याने घटत नाही, हा बौद्धांचा विश्वास. म्हणून तर विधीच्या शेवटी पुण्यानुमोदन होतं. दुसऱ्याच्या दानाचा मनापासून आनंद मानला, तर तेही कुशल कर्मच.

लेखाच्या शेवटी आणखी एक दान जोडलेलं आहे. ते देणारी उपासिका ‘बुधरखिताची आई’ एवढ्याच ओळखीने वाचता येते. एकवीरेच्या दर्शनाला कार्ल्याचा डोंगर चढाल, तेव्हा शेजारच्या विहारातही जा आणि त्या माउलीच्या दानाचं घडीभर अनुमोदन करा.