शुक्राचार्याचा डोळा आणि वावरातलं नोजल

वाशिमला कुणी ‘लॉनवर या’ म्हणालं, तर आधी तारीख आणि मुहूर्त विचारायचा. आमच्याकडे लॉन म्हणजे लग्नाची जागा. मंगल कार्यालयाला लागून राखलेला हिरवा तुकडा आणि संध्याकाळी त्याच्यावर स्टेज, खुर्च्या, आइस्क्रीमचा काउंटर. अशाच एका लॉनवर लग्नाच्या सकाळी मामा आणि मी चहा पीत बसलो होतो. मांडवाच्या मागून एकसारखा आवाज येत होता, चक, चक, चक, चक. मामांनी कप खाली ठेवला, कान दिला आणि म्हणाले, “हे नोजल वावरातलं हाये.”

ओळख अचूक होती. रब्बीत हरभऱ्यावर रात्र रात्र फिरणारं तेच पितळी नोजल लॉनच्या कोपऱ्यात विटांच्या आधारानं उभं होतं. जगात हे यंत्र हिरवळीवरून शेतात गेलं. वाशिमात ते शेतातून हिरवळीवर आलं. अर्ध्या भानगडी या उलट्या वाटेमुळे होतात, म्हणून त्याचं कूळ मुळापासून पाहावं लागतं.

आपल्याकडचा त्याचा पूर्वज म्हणजे झारी. अंगणात सडा टाकायला हात पुरतो, पण नुकत्याच रुजलेल्या रोपावर हातानं फेकलेलं पाणी धोंड्यासारखं पडतं. म्हणून पाणी बारीक तोंडातून सोडायचं. तोंड बारीक केलं की ते तुंबणार, हेही आपल्याला फार आधी कळलेलं होतं. बळीराजा वामनाला तीन पावलं जमीन द्यायला निघाला, संकल्पाचं पाणी सोडायला त्यानं झारी उचलली, आणि गुरू शुक्राचार्य सूक्ष्म रूप घेऊन झारीच्या तोंडात जाऊन बसले. वामनानं दर्भाची काडी आत खुपसली. पाणी सुटलं, शुक्राचार्यांचा डोळा गेला. ‘झारीतले शुक्राचार्य’ आपण आडव्या येणाऱ्या माणसाला म्हणतो, पण तुंबलेल्या नोजलची याहून जुनी गोष्ट मला ठाऊक नाही. काडी खुपसून केलेल्या दुरुस्तीचीही हीच.

सरकारी कागदावर या यंत्राचं नाव तुषार संच. संस्कृतात तुषार म्हणजे हिम, दहिवर. सरस्वतीच्या प्रार्थनेत तिच्या शुभ्रपणाला तुषाराची उपमा आहे ती त्याच अर्थानं. मराठीत येईपर्यंत तो शब्द वितळला आणि उडणाऱ्या बारीक थेंबांना तुषार म्हणू लागले. शेतात मात्र हा शब्द अनुदानाचा अर्ज भरतानाच निघतो. एरवी ‘स्प्रिंकलर’, आणि त्याहून जास्त वेळा नुसतं ‘पाईप’. ‘आज रात्री पाईप बदलायचे आहेत’ म्हटलं की सगळं कळतं.

तिकडची गोष्ट गवतापासून सुरू होते. 1830 मध्ये इंग्लंडमध्ये एडविन बडिंगनं गवत कापायचं यंत्र काढलं आणि घरापुढची हिरवळ मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. 1871 मध्ये अमेरिकेतल्या बफेलो शहराच्या जे. लेसलरला हिरवळीवर पाणी उडवणाऱ्या साधनाचं पेटंट मिळालं. ते शहरातच निघावं यात नवल नाही. पाणी उडवायला दाब लागतो, आणि दाबानं येणारं पाणी तेव्हा शहराच्या नळालाच होतं.

पुढची उडी 1933 ची. कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडोरा गावात ऑर्टन एंगलहार्ट नावाचा संत्रा-लिंबाचा बागायतदार होता. तोवरची नोजलं गरगर फिरायची. गरगर फिरणाऱ्या नोजलची धार घोड्याच्या शेपटासारखी वाकते आणि लांब जात नाही. शिवाय फिरणारा भाग लवकर झिजतो. एंगलहार्टनं नोजलपुढे एक हातोडी बसवली. धार हातोडीच्या टोकावर आदळते, हातोडी बाजूला फेकली जाते, स्प्रिंग तिला मागं ओढते, ती येऊन नोजलच्या अंगावर आपटते आणि नोजल जेमतेम काही अंश सरकतं. चक, चक. प्रत्येक चकमध्ये ही सगळी धडपड असते. फिरणं संथ झालं, धार सरळ लांब जाऊ लागली. 1935 मध्ये पेटंट मिळालं आणि शेजारी क्लेमंट लाफेट्रानं घरच्या गोठ्यात ती बनवून विकायला सुरुवात केली. कंपनीचं नाव रेन बर्ड, पावसाचा पक्षी. आपल्याकडे ‘पेर्ते व्हा’ म्हणत हिंडणारा पावश्या आहेच. तिकडच्यानं पक्षी पितळेचा केला आणि पावसाची वाट पाहणं सोडलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर हलके ॲल्युमिनियमचे पाईप स्वस्त झाले. पाईप उचलून दुसरीकडे नेता येऊ लागला, तसं हे यंत्र बागेतून शेतात पसरलं. भारतात ते 1950 च्या दशकात आलं ते चहा-कॉफीच्या मळ्यांत, कारण डोंगरउतारावर पाट काढता येत नाही. पाणी वाचवणं हा तेव्हा मुख्य मुद्दा नव्हता. जमीन उंचसखल असूनही पाणी पोचतं, ही त्याची पहिली ख्याती.

वाशिमलाही तेच हवं होतं. 108 तीर्थांचं गाव म्हणून वाशिमची कीर्ती. पद्मतीर्थ आणि देवतळं त्यांतली. पण जिल्हा बसलाय पाणलोटाच्या माथ्यावर. काटेपूर्णा इथं उगम पावून उत्तरेला पूर्णेत, म्हणजे अखेर तापीत जाते; पैनगंगा दक्षिणेकडून वर्ध्याकडे आणि गोदावरीच्या खोऱ्यात. पाऊस बरा पडतो, पण माथ्यावरचं पाणी दोन्ही उतारांनी निघून जातं. मागं उरते ती विहीर. विहिरीवर आधी मोट होती, मग इंजिन, मग विजेची मोटर. मोटर आली आणि 1871 च्या बफेलोजवळ जो दाब होता तो रिसोड, मालेगाव, मानोऱ्याच्या वावरात आला. काळ्या प्लास्टिकच्या, कडीनं जोडायच्या वीस फुटी पाईपांनी बाकीचं काम केलं. एका माणसाला दोन पाईप खांद्यावर घेऊन चालता येतं, ही साधी गोष्ट इथं निर्णायक ठरली.

दुसरं कारण हरभरा. सोयाबीन निघालं की त्याच काळ्या भारी जमिनीत हरभरा पडतो. पाटानं पाणी दिलं तर भेगा आधी पोटभर पितात, सखल जागी पाणी साचतं आणि हरभरा पिवळा पडून मरतो. त्याला हवं असतं हलकं पाणी, तेही दोनदा: फांद्या फुटून फुलं दिसू लागताना एकदा आणि घाटे भरताना एकदा. ऐन फुलोऱ्यात मात्र वरून पाणी नको. फूल झडतं आणि पानावरची आंबही धुऊन जाते. तुषाराला याहून चांगलं गिऱ्हाईक मिळालं नसतं. पुढं सरकारी आधार आला: 2005-06 पासून केंद्राची सूक्ष्म सिंचन योजना, 2015 पासून ‘प्रति थेंब अधिक पीक’, 2018 पासून जागतिक बँकेच्या मदतीचा पोकरा प्रकल्प. पाईपांचे काळे भारे बांधाबांधावर दिसू लागले.

संच अनुदानात आला, दुरुस्ती मात्र ज्याची त्यानं शिकायची. मी ती मामांकडून एका जानेवारीच्या रात्री शिकलो. थ्री-फेज लाईन रात्री आली. दहा मिनिटांत एक नोजल मुकं झालं. मोटर बंद करून मामांनी ते खोललं, बॅटरीच्या उजेडात भोकाला डोळा लावला. आत गोगलगायीच्या कवचाचा तुकडा. मी बांधावरच्या कुंपणाची तार तोडून आणली तशी ते ओरडले, “तार नोको घालू बाप्पा, डोया फुटीन त्याचा!” मग त्यांनी तुराटीची बारीक काडी मोडली, उलट बाजूनं अलगद ढकलली, फुंकर मारली.

डोळा फुटणं म्हणजे काय, ते हिशेबानं कळतं. पितळ मऊ असतं. लोखंडी तारेनं आणि वाळूनं घासून 4 मिलिमीटरचं भोक 5 झालं, तर दिसायला फरक एवढासा. पण क्षेत्रफळ 16 ला 25, म्हणजे दीडपटीहून जास्त. दाब तोच राहिला तर तितकंच जास्त पाणी तिथून जातं. प्रत्यक्षात ओळीतला दाब पडतो, शेवटच्या नोजलची हातोडी सुस्त होते आणि तिथला हरभरा तहानलेला राहतो. तीच गत जोडातल्या रबरी रिंगेची. पाच-दहा रुपयांची रिंग कडक झाली की प्रत्येक जोडाखाली चिखल होतो, आणि आपण दोष देतो मोटरीला.

मोजणं अवघड नाही. नोजलच्या तोंडावर रबरी नळी चढवून पंधरा लिटरची बादली भरायची. 36 सेकंदांत भरली तर तासाला 1500 लिटर. नोजलं 12 बाय 12 मीटरवर असतील तर एकाच्या वाट्याला 144 चौरस मीटर, म्हणजे तासाला साधारण 10 मिलिमीटर पाऊस. चार तासांत 40. झोप लागून पहाटेपर्यंत चालू राहिलं, तर पाटाच्या पाण्यापेक्षा काही वेगळं केलं नाही. पाऊस सगळीकडे सारखा पडतो का, हे पाहण्याची युक्तीही जुनी आहे. कॅलिफोर्नियातल्या क्रिश्चनसेन या अभियंत्यानं 1942 मध्ये जमिनीवर डबे मांडून त्यांतलं पाणी मोजलं आणि समानतेचं सूत्र बसवलं. आपल्याला सूत्र नको, घरातल्या सारख्या आठ-दहा वाट्या पुरतात. एकीत बोटभर आणि दुसरीत तळ ओला, असं दिसलं की बिघाड कुठं आहे ते कळतं.

हे सगळं बंगल्यापुढच्या आणि कार्यालयामागच्या हिरवळीलाही लागू आहे, किंबहुना जास्तच. वाशिमच्या मे महिन्यात ती हिरवळ बोअरच्या नाहीतर टँकरच्या पाण्यावर जगते. दहा बाय दहा मीटरच्या तुकड्यावर 5 मिलिमीटर पाणी म्हणजे 500 लिटर. ते पहाटे द्यावं, वारा सुटायच्या आत. काळी माती हळू पिते, म्हणून एकदम न देता दोन खेपांत द्यावं, मध्ये अर्धा तास थांबून. आणि नोजल हिरवळीचं घ्यावं. त्याला फेरा अडवायची सोय असते. कोपऱ्यात पाव, भिंतीला अर्धा.

वावरातल्या नोजलला ती सोय बहुधा नसते. चहूकडे पीकच असल्यावर पूर्ण फेऱ्याशिवाय त्याला काय करायचंय?

चहा संपवून मामा उठले आणि मांडवामागं गेले. मी मागोमाग. कोपऱ्यातलं नोजल इमानेइतबारे पूर्ण गोल फिरत होतं. पाव फेरा गवतावर, उरलेला पाऊण फेरा सिमेंटच्या रस्त्यावर, भिंतीवर आणि वरातीसाठी आणलेल्या जनरेटरच्या गाडीवर. चार बादल्यांतल्या तीन वाया. माळी म्हणाला, “दोनदा नवी वायसर टाकली, तरी पाणी पुरत नाही.”

मामांनी खाली वाकून कॉक बंद केला. हातोडी एकदा हलून थांबली. “वायसरीचं काही नाही भाऊ,” ते धोतराला हात पुसत म्हणाले, “हे वावरातलं हाये. याले कोपरा नाई कयत.”