सामुदायिक परसबाग: वाफा ज्याचा त्याचा, खत सगळ्यांचं

सोसायटीच्या मोकळ्या जागेत अनेक घरांनी मिळून केलेली भाजीची बाग म्हणजे सामुदायिक परसबाग. जागा, पाणी, खत सामाईक. वाफे घरागणिक वाटलेले. पुण्यातल्या जुन्या वाड्यांमागे अळू-कढीपत्त्यापुरता परस असायचा. फ्लॅट आले आणि तो गेला.

मग जागा कुठली? राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार 0.4 हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर 10 टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ती सर्वांची असते. म्हणून आधी सर्वसाधारण सभेत ठराव करून घ्या, नाहीतर पहिल्या वांग्यालाच वाद!

इमारतीभोवती बहुधा राडारोड्याचा भराव असतो. त्यावर पालापाचोळा आणि ओल्या कचऱ्याच्या खताचे उंच वाफे करतात. पानं जाळली जाऊ नयेत म्हणून 2016 मध्ये पुण्यात सुरू झालेला 'ब्राऊन लीफ' उपक्रम पानं नको असलेल्यांची आणि हवी असलेल्यांची गाठ घालून देतो. ओल्या कचऱ्याचं महत्त्व तर पुणेकरांना सांगायला नको. शहराचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माथी गेला, तिथल्या विहिरींचं पाणी बिघडलं. गांडूळखत प्रकल्प चालवणाऱ्या निवासी मिळकतींना महापालिका मिळकतकरात 5 टक्के सवलतही देते.

खरी परीक्षा मे महिन्यात. निम्मी घरं गावाला जातात. पाणी घालण्याच्या पाळ्या एप्रिलमध्येच फळ्यावर लिहून ठेवा.